कमी वेगात अधूनमधून बंद पडणारे इंजिन : दोष शोधायचा कसा?

मोकळ्या रस्त्यावर गाडी तक्रारीला जागा ठेवत नाही. पण सिग्नलजवळ वेग कमी केला, वळणावर ब्रेक लावून क्लच दाबला किंवा गर्दीत रांगत पुढे सरकू लागले, की इंजिन मध्येच बंद पडते. सेल्फ मारला की बहुधा लगेच सुरू होते आणि पुढचे दोन-चार दिवस काहीच घडत नाही. गॅरेजमध्ये नेल्यावर दोष दिसत नाही, म्हणून अंदाजाने आधी स्पार्क प्लग, मग इंधनाचा फिल्टर, मग एखादा सेन्सर असे भाग बदलले जातात आणि दर वेळी काही दिवस बरे जाऊन तक्रार पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी ‘कोणता भाग खराब असेल?’ या प्रश्नाने सुरुवात करणे हीच मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन नेमके कोणत्या क्षणी आणि कशा रीतीने बंद पडते, हे आधी ठरवले पाहिजे. ते काळजीपूर्वक ठरवले, तर संशयाच्या यादीत दोन-तीनच भाग उरतात, आणि मगच पाना हातात घेण्यात अर्थ असतो.

पुढील विवेचन मुख्यतः इंधन-इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे. कार्ब्युरेटर आणि डिझेल इंजिनांमध्ये जे वेगळे आहे, ते शेवटाकडे सांगितले आहे.

सुरक्षिततेबद्दल आधी

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि चाक एकदम जड होते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडलच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्यात) उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरताच असतो, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच सलग दाबून धरावे. चावी पूर्ण मागे फिरवून काढू नये, कारण अनेक गाड्यांत त्यामुळे स्टिअरिंग लॉक होते. गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी कडेला घेत पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा. दोष वारंवार उद्भवत असेल, तर चाचणीसाठी वर्दळीचा रस्ता वापरू नये; मोकळ्या जागेत, शेजारी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) लक्ष ठेवणारा दुसरा माणूस घेऊनच चाचणी करावी.

बॉनेट उघडून काम करताना सैल कपडे पट्ट्यांपासून दूर ठेवावेत, आणि रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो हे लक्षात असू द्यावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हा दोष कमी वेगातच का दिसतो?

हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या चाचण्यांचा अर्थ लागत नाही. गरम झालेले पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना, साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) फिरते. त्या वेळी थ्रॉटलची, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी, चकती जवळजवळ बंद असते, इंजिनात फार थोडी हवा जाते आणि निर्माण होणारी ताकद जेमतेम इंजिनाचे स्वतःचे घर्षण, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर यांना पुरते. एखाद्या फाटक्या नळीतून आत शिरणारी जास्तीची हवा ३,००० आरपीएमवर एकूण हवेच्या मानाने नगण्य असते, पण आयडलिंगला तीच हवा मिश्रण बिघडवायला पुरेशी ठरते. शिवाय वेगात असताना गिअरमधली गाडी आपल्या गतीने इंजिनाला फिरवत राहते, त्यामुळे क्षणभर दगा देणारे इंजिनही चालकाला कळत नाही. क्लच दाबला की तो आधार सुटतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धावत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचा संगणक इंधन फवारणारे इंजेक्टर पूर्ण बंद करतो आणि आरपीएम ठरावीक पातळीपर्यंत, अनेक इंजिनांत साधारण १,२०० ते १,५००च्या आसपास, उतरले की इंधन पुन्हा सुरू करतो. त्याच क्षणी थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्ह नेमका किती उघडायचा, हे त्याला शिकलेल्या आकड्यांवरून ठरवावे लागते. हवेचा मार्ग कार्बनने अरुंद झाला असेल किंवा संगणकाचा हिशेब चुकत असेल, तर आरपीएम आयडलिंगच्या पातळीवर न थांबता खाली घसरतात आणि इंजिन बंद पडते. सिग्नलजवळ येताना गाडी बंद पडण्याची तक्रार इतक्या वेळा ऐकू येते, ती मुख्यतः यामुळेच.

पहिली पायरी : नोंद ठेवणे

गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी घटना ताजी असतानाच लिहावी. इंजिन थंड होते की गरम, सुरू करून किती वेळ झाला होता, टाकीत इंधन किती होते, नुकतेच भरले होते का, एसी आणि हेडलाइट चालू होते का, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले होते का, कोणता गिअर होता, पाऊस होता का, आणि बंद पडल्यावर इंजिन लगेच सुरू झाले की थांबावे लागले, एवढे तरी लिहावे. हे कंटाळवाणे वाटते, पण दोष गॅरेजमध्ये दिसत नाही तेव्हा हीच वही एकमेव पुरावा असते.

या नोंदींतून बरेच काही उलगडते. इंधन भरल्यावर लगेच सुरू होण्यास त्रास आणि मग आयडलिंगला बंद, असे असेल तर पर्ज व्हॉल्व्हकडे (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे) बोट जाते. फक्त ब्रेक दाबल्यावर बंद पडत असेल, तर ब्रेक बूस्टर तपासावा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा एसी सुरू होताच बंद पडत असेल, तर वाढलेला भार पाहून आयडल उचलण्याची व्यवस्था काम करत नाही. अर्धा तास चालल्यावर बंद आणि वीस-तीस मिनिटे थंड झाल्यावरच पुन्हा सुरू, असे असेल तर क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनाच्या फेऱ्या संगणकाला कळवणारा), इंधन पंप किंवा रिले (विजेचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच). सुरू करताच दोन सेकंदांत बंद आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते, असे असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा). त्याचा कमी वेगाशी काही संबंध नाही.

दुसरी पायरी : इंजिन कसे बंद पडते?

सगळ्या तपासातील हा सर्वांत मोलाचा फरक आहे. काही वेळा दिव्याचे बटण दाबावे तसे इंजिन एका क्षणात बंद होते. आधी कोणताही गचका नाही, थरथर नाही. असे बंद पडणे बहुतेक वेळा विजेच्या बाजूचे असते: क्रँकशाफ्ट सेन्सर, मुख्य रिले, इग्निशन स्विच, सैल टर्मिनल किंवा अर्थिंग. दुसऱ्या प्रकारात आरपीएम खाली-वर होतात, इंजिन आचके देते, थोडी रेस दिली तर सावरते, नाही तर दम तुटल्यासारखे बंद पडते. हा प्रकार हवा किंवा इंधन यांच्याकडे नेतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर काटा सरळ खाली येतो आणि ७०० वर न थांबता शून्यावर जातो, पण हलकी रेस धरून ठेवली तर कधीच बंद पडत नाही, असे असेल तर आयडलचे नियंत्रण हाच पहिला संशयित.

आरपीएमचा काटा पाहण्याची एक जुनी युक्ती आहे, पण ती नीट समजून वापरावी लागते. अनेक गाड्यांत हा काटा क्रँकशाफ्ट सेन्सरच्याच संकेतावर चालतो. गाडी गिअरमध्ये असून क्लच सोडलेला आहे, चाके इंजिनाला अजून फिरवत आहेत आणि तरीही काटा क्षणात शून्यावर आला, तर इंजिन फिरत असूनही संकेत तुटला असा त्याचा अर्थ होतो. क्लच दाबलेला असताना मात्र बंद पडलेले इंजिन थांबतेच, त्यामुळे काटा शून्यावर येणे साहजिक आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही. काट्याबरोबर डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे गेले, तर सेन्सर सोडून बॅटरीच्या टर्मिनलकडे आणि इग्निशन स्विचकडे वळावे.

तिसरी पायरी : स्कॅनर, पण कोड म्हणजे निदान नव्हे

अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१पासून सक्तीचे झालेले १६ पिनांचे ओबीडी-२ सॉकेट आज बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली असते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी स्कॅनर जोडावा, कारण दिवा लागण्याआधी कोड, म्हणजे दोषाचा सांकेतिक क्रमांक, ‘पेंडिंग’ म्हणून साठवला जातो. कोड सापडला की तो पुसण्याआधी लिहून घ्यावा, आणि त्यासोबतचा ‘फ्रीझ फ्रेम’ही उतरवून घ्यावा, दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, वेग आणि भार त्यात असतात. पुष्कळ जण आधी कोड पुसतात आणि हा पुरावा कायमचा घालवतात.

या तक्रारीत नेहमी भेटणारे कोड थोडेच आहेत. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी किंवा हवा जास्त. पी०५०५, पी०५०६ आणि पी०५०७ आयडलच्या नियंत्रणाचे. पी०३३५ आणि त्याच्या आसपासचे क्रँकशाफ्ट सेन्सरचे. पी०३४० कॅमशाफ्ट सेन्सरचा. पी०४०२ ईजीआरमधून (जळलेल्या वायूचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या यंत्रणेतून) गरजेपेक्षा जास्त धूर आत येत असल्याचा. पी०१७१ दिसला म्हणून धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही नेहमीची फसगत आहे. तो सेन्सर बहुतेक वेळा खरे तेच सांगत असतो.

कोड नसेल तर लाइव्ह डेटातील ‘फ्युएल ट्रिम’ पाहावी. ठरलेल्या हिशेबापेक्षा संगणक किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो, ते ही ट्रिम सांगते. अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज धरावी. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडे-तिकडे ठीक. दहाच्या पुढे गेली की कारण शोधावे. इंजिन गरम करून आधी आयडलिंगला आणि नंतर २,५०० आरपीएमवर अर्धा-अर्धा मिनिट धरून आकडे लिहावेत. समजा, आयडलिंगला बेरीज अधिक १८ आहे आणि २,५०० वर ती अधिक ३ वर येते. याचा अर्थ हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे, म्हणजेच व्हॅक्यूम गळती. उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि भार वाढवत नेल्यावर तो २० कडे चढत असेल, तर इंधनाचा पुरवठा अपुरा आहे किंवा हवेचा सेन्सर मळलेला आहे. आयडलिंगला बेरीज उणे १५ असेल, तर इंजिनात जास्तीचे इंधन येते आहे: पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, इंजेक्टर गळतो आहे किंवा शीतकाच्या तापमानाचा सेन्सर गरम इंजिनाला थंड समजतो आहे. एक अपवाद ध्यानात ठेवावा. हवेचे प्रमाण मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याच्या) दाबावरून काढणाऱ्या इंजिनांत गळती झाली तर ट्रिम फारशी न बदलता आयडलच वाढलेले दिसते.

चौथी पायरी : हवेचा मार्ग

माझा आग्रह असा, की कोणताही महाग भाग मागवण्याआधी या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची रबरी नळी काढून ती हाताने वाकवून पाहावी. त्या नळीच्या चुण्यांच्या तळाशी पडलेली भेग गाडी उभी असताना मिटलेली असते आणि टॉर्चच्या उजेडातही दिसत नाही. पण क्लच सोडून गाडी उचलताना इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते, नळी ताणली जाते आणि भेग उघडते. उभ्या गाडीत दोष न दिसता नेमका रांगत चालतानाच तो उद्भवण्याचे हे अगदी साधे कारण आहे आणि ते सहज नजरेतून निसटते. माउंटिंगचे रबर तुटलेले असेल, तर इंजिन जास्त कलते आणि हा प्रकार आणखी वाढतो. नळीची प्रत्येक चुणी अंगठ्याने उलगडून पाहावी.

नळी काढलेलीच आहे, तर थ्रॉटल बॉडीही पाहावी. चकतीच्या कडेला आणि तिच्या मागच्या भिंतीवर काळ्या चिकट कार्बनचे कडे जमलेले असते. चकती बंद असताना जी बारीक फट राहायला हवी, तीच या कड्याने बुजते. थ्रॉटल बॉडीसाठी मिळणारे क्लीनर कापडावर घेऊन कडा आणि भिंत पुसून काढावी. चकती मोटरवर चालणारी असेल, तर चावी बंद असावी आणि बोटाने जोर लावून ती उघडू नये. आतले प्लास्टिकचे गिअर नाजूक असतात. जुन्या रचनेत वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो; तो काढून त्याचे टोक आणि त्याचा मार्ग साफ करावा. सफाईनंतर कित्येक गाड्यांत संगणकाला आयडल पुन्हा शिकवावे लागते. त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि ती न केल्यास आयडल काही काळ उंच राहते किंवा गाडी आधीपेक्षा जास्त बंद पडते. बॅटरी काढून परत जोडल्यावरही हेच घडू शकते. हवेचा सेन्सर मात्र त्याच्याच खास क्लीनरने साफ करावा. त्याच्या तारेला ब्रश किंवा कापड लावू नये.

व्हॅक्यूम गळती शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्मोक मशीन. बंद इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडला, की भेगेतून तो बाहेर येताना डोळ्यांना दिसतो. ते उपलब्ध नसेल तर आयडलिंगवर असलेल्या इंजिनाच्या जोडांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून आवाजातील बदल ऐकावा. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तिने आग लागू शकते आणि तेवढा धोका पत्करण्याची गरज नाही.

पुढच्या तीन चाचण्यांना खर्च नाही. इंजिन आयडलिंगवर ठेवून ब्रेक दाबून धरावा. पायाजवळ फुसफुस ऐकू आली आणि आरपीएम बदलले, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. कॅनिस्टरकडून (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) पर्ज व्हॉल्व्हकडे येणारी नळी व्हॉल्व्हपाशी काढून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाला बोट लावावे. थंड इंजिन आयडलिंगला असताना तेथे ओढ जाणवता कामा नये. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या खालच्या भागातील वायू परत आत ओढून घेणारी झडप) हलवल्यावर खुळखुळला पाहिजे आणि त्याच्या नळीत भेग नसावी. ईजीआर व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला, तर जळलेला वायू आयडलिंगच्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन कमी वेगात गचके खाऊन बंद पडते, मात्र वेग घेतल्यावर छान चालते. तो काढून आतील गोटी पूर्ण बसते का, हे डोळ्यांनी पाहणेच चांगले.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावता आला, तर समुद्रसपाटीच्या आसपास निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पाऱ्याइतका स्थिर व्हॅक्यूम दाखवते. उंचीच्या दर ३०० मीटरमागे तो सुमारे एक इंचाने कमी धरावा. काटा ठेक्यात फडफडत असेल, तर एखाद्या व्हॉल्व्हकडे किंवा कॉम्प्रेशनकडे लक्ष वळवावे.

पाचवी पायरी : इंधन

चावी ‘ऑन’ करताच मागून साधारण दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती ऐकू येते म्हणून पंप चांगला आहे असे मात्र मानू नये. दाब मोजायलाच हवा. पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन सिलिंडरात थेट न फवारता त्याच्या हवेच्या मार्गात फवारणाऱ्या) बहुतेक इंजिनांत तो ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषात उभ्या गाडीवरचे एक मोजमाप पुरत नाही. लांब नळीचा गेज बाहेरच्या बाजूने काचेवर वायपरखाली पक्का बसवून, मोकळ्या जागेत गाडी चालवत काटा पाहावा. गेज केबिनच्या आत कधीही घेऊ नये. नळी सुटली तर पेट्रोल थेट माणसांवर उडते. इंजिन आचके देण्याआधी दाब पडला, तर पंप, त्याची वायरिंग किंवा फिल्टर दोषी. इंजिन बंद पडताना दाब कायम राहिला, तर इंधनाची बाजू निर्दोष समजून पुढे जावे.

टाकीतली गाळणी घाणीने भरली असेल, तर एक ओळखू येणारी खूण दिसते. घाण गाळणीला चिकटत जाते, इंजिन उपाशी राहून बंद पडते, ओढ थांबल्यावर घाण खाली बसते आणि काही मिनिटांनी सगळे पूर्ववत होते. टाकीच्या झाकणाचा श्वासमार्ग बंद झाल्यावरही असेच घडते. बंद पडल्या पडल्या झाकण सैल केले आणि हवा आत ओढली जाण्याचा मोठा आवाज आला, तर कारण सापडले.

सहावी पायरी : वीज आणि उष्णतेने बिघडणारे भाग

विश्रांतीत असलेली पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसतात. आयडलिंगला एसी, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा मोजावे, व्होल्टेज १२.५ च्या खाली घसरत असेल, तर अल्टरनेटर, पट्टा आणि जोडण्या तपासाव्यात. अर्थिंग नुसते डोळ्यांनी पाहून कळत नाही. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून, सगळा भार चालू असताना वाचन घ्यावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून पुन्हा बसवावी.

क्रँकशाफ्ट सेन्सरला या तक्रारीत वेगळे महत्त्व आहे. चुंबकीय प्रकारच्या सेन्सरचा संकेत इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो, म्हणून कमजोर झालेला सेन्सर कमी आरपीएमवर आधी दगा देतो. गरम झाल्यावर त्याच्या आतील वेटोळ्याची तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. इंजिन गरम असताना बंद पडले आणि सुरू होत नसेल, तर सेल्फ मारत स्कॅनरवर आरपीएम पाहावेत. इंजिन फिरत असूनही आकडा शून्यच राहिला, तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर यांपैकी काहीतरी तुटले आहे. सेन्सर काढल्यास त्याच्या टोकाला चिकटलेला धातूचा कीसही पुसावा, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकून वितळली आहे का, हे पाहावे.

रिले आणि इग्निशन स्विच पकडण्यासाठी एक साधी योजना उपयोगी पडते. दोन छोटे बल्ब घ्यावेत, प्रत्येकासोबत लहान फ्यूज लावावा आणि एक इंधन पंपाच्या वायरला व दुसरा इग्निशन कॉइलच्या पुरवठ्याला जोडून चालकाच्या शेजारी बसलेल्या माणसाला दिसतील असे ठेवावेत. इंजिन बंद पडत असताना कोणता बल्ब आधी गेला, यावरून शोधाची दिशा ठरते. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातील वायरींना मात्र चुकूनही हात लावू नये.

स्पार्क प्लग आणि कॉइल यांच्याबद्दल थोडक्यात एवढेच, की त्यांचा दोष बहुधा चढावर किंवा भार पडल्यावर मिसिंगच्या, म्हणजे एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकण्याच्या, रूपाने आधी दिसतो. फक्त आयडलिंगला बंद पडण्याचे ते एकमेव कारण क्वचितच असते.

गिअरबॉक्सचा संशय

ऑटोमॅटिक गाडी थांबताना हिसका देऊन बंद पडते आणि थांबण्याच्या जरा आधी न्यूट्रलमध्ये घेतल्यास कधीच बंद पडत नाही, असे असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या माध्यमातून जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच सुटत नसावा. पी०७४२ हा कोड याच स्थितीचा. हाताच्या गिअरच्या गाडीत पेडल पूर्ण दाबूनही क्लच ओढत असेल, तर लक्षण असेच दिसते, पण तेव्हा गिअर टाकतानाही अडखळतो.

कार्ब्युरेटर आणि डिझेल

कार्ब्युरेटरमध्ये आयडल जेट बुजणे, फ्लोटची पातळी कमी असणे, चोक अर्धवट बंद राहणे आणि आयडलचा इंधन-तोड सोलेनॉइड काम न करणे ही मुख्य कारणे आहेत. चावी ऑन-ऑफ करताना सोलेनॉइडची टिकटिक ऐकू यायला हवी. थंड, दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजिन आयडलिंगला बंद पडते. काही मिनिटे थांबल्यावर इंजिनाच्याच उष्णतेने तो वितळतो आणि मागे खूण उरत नाही.

डिझेलमध्ये आधी फिल्टर आणि त्यातील पाणी पाहावे, मग टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरते का ते. फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा बसवल्यास बुडबुडे दिसतात. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळते अशा) स्कॅनरवर रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवावा. गरम आयडलिंगला तो अनेक इंजिनांत २५० ते ३५० बारच्या आसपास असतो. ॲक्सिलरेटर सोडताच प्रत्यक्ष दाब मागणीच्या खाली हेलकावत असेल, तर पंपावरील सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हचा (पंपात शिरणारे इंधन कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) किंवा इंजेक्टरच्या परतीच्या गळतीचा संशय घ्यावा. भार वाढल्यावर या यंत्रणेतील दाब अनेक इंजिनांत १,६०० बारपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. इंजिन चालू असताना तिचा कोणताही जोड सैल करू नये आणि गळती हाताने चाचपू नये; इतक्या दाबाची बारीक धार त्वचेत घुसते आणि ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

दोष समोर येतच नसेल तर

दोषाला समोर यायला भाग पाडावे. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकेक कनेक्टर हलवावा, वायरींचा जुडगा हलकेच वाकवावा आणि स्कॅनरवर कोणता आकडा उडी मारतो ते पाहावे. संशयित सेन्सरला हेअर ड्रायरने काही मिनिटे गरम करावे. पावसात बंद पडत असेल, तर कॉइल आणि कनेक्टर यांच्यावर पाण्याचा हलका फवारा मारून बघावे. स्कॅनरमध्ये डेटा नोंदवण्याची सोय असेल, तर आरपीएम, थ्रॉटलची जागा, हवेचे प्रमाण, दोन्ही ट्रिम आणि बॅटरीचे व्होल्टेज एवढेच घटक निवडावेत. घटक वाढवले की नोंदीचा वेग मंदावतो आणि नेमका बिघाडाचा क्षण दोन नोंदींच्या मधे निसटतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. दुरुस्तीनंतर, वहीतील नोंदी सांगतात त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी: दोष गरम इंजिनात होता तर पूर्ण गरम करून, टाकी पाव भरलेली असताना होता तर तेवढेच इंधन ठेवून. ट्रिम पुन्हा मोजावी. आधी अधिक १८ असलेला आकडा पाचच्या आत आला असेल, तर दुरुस्ती योग्य जागी झाली आहे, आणि नुसते बंद पडणे थांबले पण आकडा तसाच राहिला असेल, तर मूळ कारण अजून गाडीत आहे. गाडी मेकॅनिककडे सोपवायची असेल, तर ‘मध्येच बंद पडते’ एवढेच न सांगता वही, फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि डॅशबोर्डचा व्हिडिओ असेल तर तोही द्यावा. आणि तक्रार सकाळी थंड इंजिनात होत असेल, तर गाडी आदल्या रात्रीच त्यांच्याकडे नेऊन ठेवावी, म्हणजे पहिला सेल्फ त्यांच्यासमोर मारला जाईल.